पारावर सोकोल्लू पाशा सांगायचा तर

पहिल्या वेळी मी सपशेल आपटलो. डिसेंबरचे दिवस, कापसाची दुसरी वेचणी आटोपलेली, मारोतीच्या पारावर तीस-चाळीस माणसं शेकोटीभोवती. मी वही उघडली आणि सुरुवात केली, "सोकोल्लू मेहमेद पाशा याचा जन्म इ.स. १५०५ च्या सुमारास बोस्नियात झाला." पाच मिनिटांत लाइट गेली. आली तेव्हा पारावर मी, दोन कुत्रे आणि कमी ऐकू येणारे एक आजोबा उरलो होतो. आजोबा म्हणाले, "गुरुजी, तो पाशा कोनच्या गावचा म्हन्ता?"

प्रश्न बरोबर होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या अचलपूर तालुक्यातल्या गावांत रविवारी संध्याकाळी मी एकेका माणसाचं चरित्र सांगतो. हा पाशा, म्हणजे सोळाव्या शतकातला इस्तंबूलच्या सुलतानाचा बडा वजीर, आता सात गावांत सांगून झाला. वाचनालयातली पोरं विचारतात, कसा सांगायचा? त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

आधी नाव सोपं करून घ्या. 'सोकोल' म्हणजे तिकडच्या स्लाव भाषेत ससाणा. त्याचं गाव सोकोलोविची, म्हणजे ससाण्यांचं. तुर्कीतला 'लू' आपल्या आडनावातल्या 'कर'सारखा. म्हणून सोकोल्लू म्हणजे ससाणकर. पाशा हा किताब. हे एकदा सांगितलं की पुढे तासभर लोक त्याला ससाणकरच म्हणतात, त्यांना अडवू नका. ऑटोमन हा शब्दही पाटीवर लिहीत बसू नका. जुन्या मराठीत 'रूमशाम' म्हणत त्यातला रूम, म्हणजे इस्तंबूलच्या सुलतानाचं राज्य, एवढं पुरे. विजापूरची मुलूख-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली तीही एका रूमी माणसाने, हे जोडून द्या. तोफ म्हटलं की मागे बसलेली पोट्टी पुढे सरकतात.

जन्मापासून सुरुवात करायची नाही. तंबूपासून करायची.

सप्टेंबर १५६६. हंगेरीत सिगेतवार नावाचा किल्ला, भोवती दलदल. आत निकोला झ्रिन्स्की अडीच हजारांच्या आसपास माणसं घेऊन महिनाभर लढतोय. बाहेर सुलतान सुलेमानची प्रचंड फौज. सुलतान ७१ वर्षांचा, संधिवाताने घोड्यावर बसता येत नाही म्हणून इस्तंबूलहून गाडीतून आलेला. आणि एका रात्री तो तंबूत मरतो. किल्ला अजून पडलेला नाही. जिवंत उरलेला एकच मुलगा, सलीम, तो कुताह्याला, सरळ रेषेत मोजलं तरी बाराशे किलोमीटर लांब. तंबूत मुडदा, आणि मुडद्याजवळ वजीर ससाणकर.

इथे थांबा. चहा असेल तर आत्ता फिरवा. आणि विचारा, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

खरी मजा इथे आहे. कोणी म्हणतं, लेकाले सांगावा धाडा. कोणी म्हणतं, पहिले खजिन्याले कुलूप. एका गावात मागून एक बाई म्हणाल्या, "रडाचं नाही. रडलं का संपलं." ससाणकराने नेमकं हेच केलं. खबर मोजक्या माणसांपुरती ठेवली. सलीमकडे गुपचूप स्वार पाठवला. हुकूम सुलतानाच्याच नावाने निघत राहिले, त्याच्या अक्षराची नक्कल करणारा माणूस हाताशी होता. एक-दोन दिवसांत किल्ला पडला, झ्रिन्स्की शेवटच्या मुसंडीत मारला गेला, आणि विजयाची पत्रं मेलेल्या सुलतानाच्या नावाने रवाना झाली. परतीच्या वाटेवर सुलतानाची गाडी पडदे ओढून चालली. सलीम बेलग्रेडला पोचेपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, फौजेला आपला धनी जिवंतच वाटत होता.

एवढी लपवाछपवी काहून, हे कोणीतरी विचारतंच. नाही विचारलं तर तुम्ही काढा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नवा सुलतान बसला की जॅनिसरी फौजेला, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाला, बक्षिसी द्यायची रीत होती. जुना मेला आणि नवा अजून आला नाही, या मधल्या दिवसांत फौजेला आवरणारं कोणी नसतं. पुढे झालंही तसंच. सलीम इस्तंबूलला आला तेव्हा जॅनिसरींनी मिरवणूक अडवली. का थांबलात विचारलं तर म्हणे उत्तर आलं, वाटेत गवताची गाडी आडवी आहे. कडब्याची बंडी आडवी लावून रस्ता कसा अडवतात हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. पैसे कबूल झाले, तेव्हा गाडी हटली.

'म्हणे' हा शब्द मी वर मुद्दाम वापरला. तुम्हीही वापरा. जिथे पक्की नोंद आहे तिथे साल सांगा आणि जिथे नुसती ऐकीव गोष्ट आहे तिथे 'म्हणे' लावा. मराठीत ही सोय फुकट आहे. लोक त्याने नाराज होत नाहीत, उलट कान टवकारतात.

आता मागे जा, पोरगा कुठून आला ते सांगायला. सगळ्यांत नाजूक भाग हाच. सुलतानाची माणसं ख्रिस्ती गावांत येत आणि पोरं उचलून नेत. या पद्धतीचं नाव देवशिर्मे. एका घरातून एकच, एकुलता एक सोडायचा, असा नियम होता. पोरं मुसलमान केली जात, तुर्की शिकत, त्यातली हुशार राजवाड्यात आणि बाकीची फौजेत जात. ससाणकर असाच गेला. मिलेशेवाच्या मठात शिकत होता, तिथून थेट एदिर्ने आणि इस्तंबूल.

हे ऐकलं की पारावर दोन तट पडतात. एकाला तो जुलूम दिसतो, दुसऱ्याला नशीब. भांडण मिटवायला जाऊ नका, अचलपूरकडे बोट दाखवा. अचलपूर ही आपल्या वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, आणि तिचा मूळ पुरुष फतहुल्ला इमादुल्मुल्क. फिरिश्ता या जुन्या इतिहासकाराच्या तवारिखेप्रमाणे तो विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडच्या सुभेदाराकडे चाकरीला लागला आणि १४९० मध्ये स्वतःच राजा झाला. इमादशाहीचा किल्ला गाविलगड आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतो, त्यामुळे हे सांगितल्यावर लांबचा बोस्निया एकदम जवळ येतो. परका माणूस सांगायचा तर त्याचा जोडीदार आधी आपल्याच मातीत शोधावा, असं माझं मत आहे.

मात्र जोडीदार सापडला की लगेच फरकही सांगा, नाहीतर खिचडी होते. फतहुल्ला तख्तावर बसला. ससाणकर कधीच बसू शकत नव्हता. तो सुलतानाचा 'कुल' होता, म्हणजे बांधील चाकर. सलीमची मुलगी इस्मिहान त्याला दिली, तो राजाचा जावई झाला, तीन सुलतानांच्या हाताखाली चौदा वर्षं बडा वजीर राहिला, आपल्याकडच्या पेशव्यासारखा. तरी त्याचं डोकं शेवटपर्यंत सुलतानाच्या मर्जीवर.

मधली नोकरी दोन मिनिटांत उरका. बार्बारोसा १५४६ साली वारला, त्याच्या जागी हा आरमाराचा प्रमुख झाला. मग रुमेलियाचा, म्हणजे तुर्कांच्या युरोपातल्या मुलखाचा, सुभेदार. १५५१ साली तेमेश्वारच्या किल्ल्याला वेढा घातला, तो फसला. फसला हेही सांगा. मग तिसरा वजीर, दुसरा वजीर, आणि जून १५६५ मध्ये साठीच्या घरात बडा वजीर. ज्या वयात मला नारळ-शाल मिळाली त्या वयात त्याची खरी नोकरी सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिणेत तालिकोटची लढाई झाली होती, आणि आपला इमादशहा त्या लढाईत उतरला नव्हता. असं एक साल इकडचं, एक तिकडचं देत गेलं की तारखा लक्षात राहतात.

नकाशासाठी कागद नको, रात्री दिसत नाही. मी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वापरतो. शेकोटीसाठी आणलेल्यांतल्या दहा-बारा बाजूला काढायच्या आणि सारवलेल्या जमिनीवर मांडायच्या. लांब एक डॅन्यूब, आखूड एक द्रिना. मग दोन पऱ्हाट्या एकमेकींजवळ वाकवून ठेवा: रशियातल्या डॉन आणि व्होल्गा नद्या. डॉन जाते काळ्या समुद्राच्या बाजूला, व्होल्गा कॅस्पियनला. एका ठिकाणी दोघी अगदी जवळ येतात. १५६९ मध्ये ससाणकराच्या मनात आलं, मधे कालवा खणावा, म्हणजे गलबतं थेट कॅस्पियनमध्ये उतरतील आणि इराणला पाठीमागून गाठता येईल. कालवा झाला नाही, व्होल्गाकाठचं अस्त्राखान शहरही हाती आलं नाही, थंडीत फौज परतली. हे समजवायला आमच्याकडे आयता दाखला आहे. आमच्या नाल्याचं पाणी पूर्णेतून तापीत आणि अरबी समुद्रात. वरूड-मोर्शीकडचं वर्धेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. एकच जिल्हा, दोन समुद्र. "म्हंजे तो पूर्णा वर्धेले जोडाले गेलता," असं एका शेतकऱ्याने म्हटलं आणि माझं दहा मिनिटांचं काम वाचलं.

सुएझचंही तसंच. १५६८ साली इजिप्तच्या सुभेदाराला हुकूम गेला की तांबड्या समुद्रापर्यंत कालवा काढता येईल का ते पाहा, कारण पोर्तुगीज हिंदी महासागरात वाटा अडवत होते. तेव्हा काही झालं नाही. कालवा उघडला १८६९ मध्ये, तीनशे वर्षांनी. पुढच्याच वर्षी खामगावच्या कापूस बाजाराला रेल्वे जोडली गेली आणि आपला कापूस मुंबईहून त्याच कालव्याने विलायतेला जाऊ लागला. इथे थोडं रेंगाळा. ज्यांच्या घरात अजून कापसाची गंजी पडून आहे ते भावाबद्दल बोलायला लागतात. बोलू द्या, पाच मिनिटं गेली तरी चालतील.

लढाई एकच सांगा, लेपांतो. सायप्रस घेण्याची मोहीम ससाणकराला पसंत नव्हती, पण दरबारातल्या दुसऱ्यांचं चाललं. बेट मिळालं, मात्र ७ ऑक्टोबर १५७१ ला व्हेनिस, स्पेन आणि पोपच्या जोड आरमाराने तुर्कांची बहुतेक गलबतं बुडवली नाहीतर पकडली. नको असलेल्या लढाईचा चिखल ज्याला नको होती त्यानेच निस्तरला. एका हिवाळ्यात दीडशेच्या आसपास नवी गलबतं उभी राहिली. व्हेनिसच्या वकिलाला तो म्हणे बोलला, तुम्ही आमची दाढी केलीत, आम्ही सायप्रस घेऊन तुमचा हात तोडला. दाढी परत येते, दाट येते. हे सांगताना न्हाव्याच्या दुकानातले जे कोणी बसले असतील त्यांच्याकडे पाहा, हशा पिकतो. मग १५७३ चा तह सांगा: व्हेनिसने सायप्रस सोडलं आणि वर तीन लाख डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, भरली. जिंकलेल्याने दंड भरला हे गणित पोरांना फार आवडतं.

आता शेवट. इकडे १५७४ साली अहमदनगरच्या निजामशहाने इमादशाही बुडवली, तिकडे त्याच वर्षी सलीम मेला आणि मुराद आला. नव्या सुलतानाला हा जुना वजीर जड होत गेला. त्याची माणसं एकेक करून हटवली, हंगेरीतल्या बुडा शहराचा सुभेदार असलेल्या त्याच्या चुलतभावाला १५७८ मध्ये मारलं, आणि त्याला नको असलेलं इराणचं युद्ध सुरू केलं. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो घरी लोकांचे अर्ज ऐकत बसला होता. दर्वेशाच्या वेषातला एक माणूस अर्जदार म्हणून पुढे आला आणि त्याने सुरा खुपसला. आवाज न चढवता सांगा. दार उघडं ठेवून अर्ज घेणारा माणूस प्रत्येक गावाने पाहिलेला असतो.

पूल मी मागे ठेवतो. विशेग्राद, द्रिना नदी, ११ कमानी, १८० मीटरच्या आसपास लांबी, १५७१ ते १५७७ दरम्यान सुलतानाचा स्थापत्यकार मिमार सिनान याने बांधलेला. ससाणकराच्या जन्मगावापासून जवळच. दोन्ही महायुद्धांत त्याच्या काही कमानी उडाल्या, पुन्हा बांधल्या, आजही उभा आहे. आमच्या नाल्यावरचा रपटा दर पावसाळ्यात वाहून जातो, त्यामुळे साडेचारशे वर्षांचा आकडा सांगितला की पारावर एकदम शांतता होते. मागच्या खेपेला त्या शांततेत शेजारच्या आजींनी विचारलं, "पोरगं गावाले वापस आलं का मंग?"

मी म्हटलं, "पूल आला, आजी."

आजींनी पदर सावरला. "आन् तो बांधनारा? तो बी उचलूनच नेला होता का?"

होता. सिनानही कायसेरीजवळच्या खेड्यातून असाच नेलेला. म्हणून त्या बाजूला काढलेल्या पऱ्हाट्या शेकोटीत टाकू नका. पुढच्या रविवारी कमानी दाखवायला लागतील, आणि घुमटासाठी कोणाकडे जुना कोपर, म्हणजे परात, असेल तर सांगून ठेवा.