फूल नसलेलं कुंपण कसं ओळखायचं

कुंपणाचं झाड ओळखायचं असेल तर फुलाची वाट बघत बसू नका. ज्या कोवळ्या शेंड्यावर कळी धरायची, तोच माळी दर महिन्याला कात्रीनं उडवतो, मग फूल येणार कुठून? मोबाइलवरची झाडं ओळखणारी अ‍ॅपही अशा हिरव्या भिंतीपुढे गडबडतात. साताऱ्यात आमच्या गल्लीतले लोक म्हणून अजून फांदी घेऊन माझ्या दारात येतात. “बाई, ही मेंदीच ना?” बहुतेक वेळा ती मेंदी नसते.

फांदी नीट निवडा. वरची पानं कात्रीत अर्धी कापलेली असतात, त्यांच्या कडांवरून काही कळत नाही. हात आत घालून खालच्या बाजूची, पूर्ण पानांची, वीतभर फांदी काढा. आणि एक सक्त सूचना: पान चावून बघायचं नाही. कण्हेर आणि बिट्टी ही दोन्ही बागेत सर्रास असतात आणि दोन्ही विषारी आहेत.

आता पेराकडे, म्हणजे फांदीवर पान फुटतं त्या सांध्याकडे बघा. एका पेरावर दोन पानं समोरासमोर आहेत, की एक इकडे, पुढचं तिकडे, अशी एकाआड एक? एवढ्या एका प्रश्नानं निम्मी बाग बाजूला पडते. जास्वंद, कामिनी, बिट्टी, बोगनवेल, क्रोटन या एकाआड एकवाल्या. मेंदी, तगर, अनंत, पेंटकूळ, अडुळसा, कोरांटी, पारिजात समोरासमोरच्या. एका पेरावर तीन लांबट, चिवट पानं असतील तर ती कण्हेर. तिच्यासारखीच अरुंद पानं, पण एकेकटी, आणि तोडल्यावर पांढराशुभ्र चीक म्हणजे बिट्टी, ती पिवळ्या फुलांची.

चिकाची परीक्षा माझी सगळ्यात आवडती. तगरीची दुहेरी जात आणि अनंत यांत भले भले फसतात. दोघांची पानं समोरासमोर, हिरवीगार, चकचकीत आणि फुलं पांढरी. पानाचा देठ मोडा. दूध आलं तर तगर, नाही आलं तर अनंत. अनंताची आणखी एक खूण आहे: समोरासमोरच्या दोन पानांच्या मध्ये, फांदीला चिकटलेलं एक छोटं टोकदार उपपर्ण, म्हणजे देठाशी येणारं पानासारखं खवलं असतं. तेच पेंटकुळीलाही दिसेल, कारण दोन्ही कॉफीच्या कुळातली. हे उपपर्ण एकदा डोळ्यांत बसलं की ते कूळ ओळखणं सोपं जातं.

चिकाची परीक्षा एका झाडावर मात्र करू नका. गावाकडे बांधावर पानं नसलेल्या, पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचं कुंपण असतं, तो शेर. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तो नुसता बघूनच ओळखता येतो, मोडायची गरज नाही.

आता मूळ भांडण: मेंदी, दुरांटा आणि कोयनेल. कातरलेलं हिरवं कुंपण दिसलं की आपण सरसकट मेंदी म्हणून मोकळे होतो. तिघांचीही पानं समोरासमोर, त्यामुळे पानाच्या कडेकडे बघावं लागतं. मेंदीचं पान लहान, कड साधी, देठ जवळजवळ नाहीच, आणि जुन्या काड्यांची टोकं काट्यासारखी टोचतात. खात्री करायची तर चार पानं थेंबभर पाण्यात चुरडून बोटाला लावून ठेवा, थोड्या वेळानं केशरी डाग उमटतो. दुरांट्याच्या पानाला बहुधा मध्यापासून टोकाकडे दाते असतात. न कापलेल्या फांद्या खाली झुकतात, त्यांवर निळसर जांभळी फुलं आणि मग पिवळ्या मण्यांचे घोस. मणी विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर घोस वेळीच काढून टाका. सोसायट्यांच्या दारात लाल अकॅलिफाशेजारी जो पिवळा पट्टा असतो तोही दुरांटाच. मला तो रंग कधीच आवडला नाही. सावलीत तो हिरवा पडतो तेव्हा बरा दिसतो. कोयनेलचं पान गडद, जाडसर, गुळगुळीत, दाते नाहीत, आणि बोटाला डागही नाही. मूळचं समुद्रकाठचं झाड, पण देशावरही मजेत वाढतं. एखादी फांदी कात्रीतून सुटली तर लांब नळीची पांढरी फुलं येतात आणि त्यांतून जांभळट लाल पुंकेसर बाहेर डोकावतात.

यानंतर पान चुरडून वास घ्या. घाणेरी तर नावालाच जागते. खरबरीत पान, चौकोनी काटेरी खोड, उग्र दर्प. निर्गुडीलाही उग्र वास असतो, पण तिच्या पानाच्या पंजासारख्या तीन-पाच पर्णिका (एकाच पानाचे सुटे भाग) आणि त्यांची पांढुरकी पाठ पाहिल्यावर गोंधळ उरत नाही. कामिनीचं पान उन्हापुढे धरा. बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानातही त्या असतात, तिघं एकाच कुळातले. कढीपत्त्याच्या एका काडीवर पर्णिका कितीतरी जास्त असतात, आणि त्याचा वास मराठी माणसाला काय सांगायचा!

बोटांनीही बरंच कळतं. पारिजातकाचं पान खरखरीत आणि कोवळी फांदी चौकोनी. कोरांटीच्या पेरापेराला बारीक अणकुचीदार काटे. जास्वंदीची साल ओढली तर धाग्यासारखी सोलून निघते, आणि पान चोळलं तर बोटं बुळबुळीत होतात. अडुळशाचं पान लांबरुंद, भाल्याच्या पात्यासारखं, फांदीची पेरं किंचित फुगीर.

एवढं करूनही अडलं तर माळ्याला सांगून कुंपणाचा हातभर तुकडा दोन-तीन महिने न कापता ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर सोडलात तर उत्तम. माळी कुरकुरेल, “ताई, वाकडं दिसतं” म्हणेल. त्या तुकड्यावर एक चिंधी बांधून ठेवा, नाहीतर सवयीनं तोही कापला जाईल.