चांगलं साल पदरात पडलं? मग द्राक्षबागेतल्या या चुका टाळा

द्राक्षाचं साल चांगलं जातं तेव्हा मार्चमध्ये शेवटची गाडी भरून जाते, पैसे खात्यावर येतात आणि मळ्यात वर्षभरात पहिल्यांदा निवांतपणा येतो. तो निवांतपणा बागायतदाराने कमावलेलाच असतो. पण वेलीच्या दृष्टीने पुढच्या हंगामाची सुरुवात तिथेच होते. निफाड-दिंडोरीपासून तासगाव-मिरजेपर्यंत बागा पाहताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की, पडलेल्या सालानंतर माणूस सावध असतो आणि बाग सावरतो. बाग हातची जाते ती बहुतेक वेळा विक्रमी सालानंतर. त्यामुळे हा लेख ज्यांचं यंदा चांगलं झालं त्यांच्यासाठी आहे.

काढणीनंतर बागेकडे पाठ फिरवणे

सर्वांत मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

काढणी संपली की पाणी बंद होतं. उरलेली पानं भुरीने (पांढऱ्या बुरशीने) किंवा लाल कोळीने (रस शोषणाऱ्या किडीने) गेली तरी कुणी बघत नाही, आणि मजूर मिळाले की सरळ खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतर नवी काडी घडवण्यासाठीची छाटणी, उरकली जाते. ज्या वेलीने भरघोस माल दिला तिचा साठा त्या वेळी रिकामा असतो. खोड, ओलांडे (मांडवावरच्या मुख्य फांद्या) आणि मुळांमध्ये अन्न पुन्हा साठायला हिरवी पानं आणि वेळ लागतो. निदान तीन आठवडे हलकं पाणी, थोडं खत आणि पानांचं संरक्षण द्या, मगच छाटा. नाहीतर खरड छाटणीनंतर फूट मागेपुढे निघते, ओलांड्यावर मोकळी जागा राहते आणि काडी, म्हणजे पुढे घड देणारी फांदी, बारीक पडते.

उलट टोकाची चूकही चांगल्या भावाच्या वर्षीच होते. दर टिकून आहे म्हणून माल एप्रिल उजाडेपर्यंत वेलीवर ठेवला जातो आणि खरड छाटणी मे महिन्यात ढकलली जाते. छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढच्या मालाचा सूक्ष्म घड तयार होतो आणि त्यासाठी डोळ्यावर ऊन पडावं लागतं. एप्रिलच्या सुरुवातीला छाटलेल्या बागेला हे ऊन मे महिन्यात मिळतं. मेच्या मध्यावर छाटलेल्या बागेचा हाच काळ जूनच्या अखेरीस आणि जुलैत, ढगांखाली जातो. मग ऑक्टोबर छाटणीनंतर, म्हणजे माल धरण्यासाठीच्या फळ छाटणीनंतर, गोळी (खुरटे) घड निघतात, काही घड जिरून त्यांची बाळी होते, काही काड्या वांझ राहतात. लोक तेव्हा पेस्टिंगला (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावलेल्या औषधाला) किंवा औषधाच्या दुकानदाराला दोष देतात. बिघाड झालेला असतो जून-जुलैत, दिसतो तो ऑक्टोबरमध्ये.

छाटणीला उशीर झालाच असेल तर फुटींची विरळणी वेळेवर करा, फेलफुटी (जादा बगलफुटी) काढा, सबकेनसाठी (शेंडा मारल्यावर निघणाऱ्या पुढच्या काडीसाठी) शेंडा वेळेत मारा आणि नत्र आवरतं घ्या. गर्दी झालेल्या मांडवाखाली डोळ्याला ऊन मिळत नाही आणि भरपूर नत्र दिलेली काडी घड धरण्याऐवजी वाढतच राहते.

मागच्या आकड्यावर पुढचा आकडा चढवणे

एकरी दहा टन निघाले, आता तेरा काढू, हे वाक्य मी फार ऐकतो. हिशेब मांडून बघा. 9 बाय 5 फुटांवर लागवड असेल तर एकरात 968 वेली बसतात. वेलीला 35 घड आणि घडाचं वजन 300 ग्रॅम धरलं तर दहा टनांच्या थोडं वर माल होतो. तेरा टनांसाठी वेलीला 45 घड लागतात. हे दहा जादा घड पोसायला पानं तेवढीच, मुळंही तीच. मग मण्याची फुगवण कमी पडते, साखर अडते, आणि ती भरावी म्हणून माल आणखी आठ-दहा दिवस वेलीवर राहतो. त्यात मणी मऊ पडतात. टन वाढतात, पण निर्यातीचा माल लोकल दराने जातो.

याहून वाईट म्हणजे हा ताण पुढच्या सालावर जातो. एक आड एक वर्ष पडणाऱ्या बागांची जुनी नोंद पाहिली की पडलेल्या वर्षाच्या आधी बहुधा जादा भाराचं वर्ष सापडतं. वाढ करायची असेल तर टनांत करण्याआधी प्रतीत करा: एकसारखे घड, 18 मिलिमीटरच्या पुढचे मणी आणि पॅकहाऊसमध्ये कमी निघणारा टाकाऊ माल.

मागच्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं चालवणे

वहीतलं फवारणीचं यशस्वी शेड्यूल म्हणजे त्या वर्षीच्या हवामानाला दिलेलं उत्तर असतं. पाऊस कधी आला, दव किती पडलं, फुलोऱ्यात ढगाळ होतं का, यावर ते जमलेलं असतं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागांत डाऊनीने (केवडा रोगाने) घडच्या घड नेले, तेव्हा दिवस मोजून फवारणारे आणि हवामान बघून फवारणारे यांच्या बागांतला फरक उघड दिसत होता.

शिवाय बुरशीही बदलते. मागच्या वर्षी लागू पडलं म्हणून एकाच गटातलं औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्या गटाला न जुमानणारी बुरशी बागेत शिल्लक राहते. स्ट्रोबिल्युरिन या गटातल्या बुरशीनाशकांचं डाऊनी आणि भुरीवर हेच झालं. औषधांच्या डब्यावर व्यापारी नाव बघण्याऐवजी गट बघून फेरपालट करा.

निर्यातदारांनी 2010 चा हंगाम विसरू नये. निर्यात वाढत होती, ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी प्रणालीवर बागांची नोंदणी होत होती, नमुने तपासले जात होते. तरीही त्या वर्षी युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीच्या सीसीसीचे, मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडले आणि कंटेनर अडकले. वाढ रोखण्यासाठी वर्षानुवर्षं वापरातलं, कुणाला धोक्याचं न वाटणारं हे रसायन होतं. वेलीत ते दीर्घकाळ टिकतं, म्हणून काडीसाठी मारलेलं औषध मण्यापर्यंत पोहोचू शकतं. शिफारशीत औषधांची यादी आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यातलं अंतर) दरवर्षी, छाटणीआधी, नव्याने वाचा. ‘आपण तर नेहमीच मारतो’ हे कारण प्रयोगशाळेच्या अहवालापुढे टिकत नाही.

यश एका बाटलीच्या नावावर लिहिणे

माल चांगला आला की कुणीतरी सांगतो, अमुक टॉनिकने फुगवण झाली. पुढच्या वर्षी ते दुप्पट वापरलं जातं. त्या वर्षी थंडी बेताची होती, पाणी पुरलं होतं, घड कमी होते, यातलं काही लिहून ठेवलेलं नसतं. उपाय साधा आहे आणि फुकट आहे: नवीन काहीही वापरताना दोन ओळी तशाच सोडा आणि काढणीला दोन्हीकडचे घड वजन करून बघा. खतांचंही तसंच. माती आणि पानदेठाचं परीक्षण पडलेल्या वर्षी सगळे करतात. चांगल्या वर्षीचा अहवाल जास्त मोलाचा, कारण पुढे तुलना त्याच्याशी करायची असते.

वाण चालतंय तोवर नवीन बघायचं नाही

थॉमसन या वाणाने महाराष्ट्राला खूप दिलं. पण आपल्याच हंगामाच्या आसपास पेरूची द्राक्षं नव्या वाणांसह जगाच्या बाजारात जोरात उतरली आहेत, आणि ग्राहकाला मोठा, कुरकुरीत, रंगीत मणी आवडू लागला आहे. इथे आपल्याच माणसांची आठवण ठेवावी. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी बागेतल्या वेलींमधला वेगळेपणा हेरून सोनाका आणि शरद सीडलेससारखी वाणं पुढे आणली. सगळी बाग उपटा असं मी म्हणत नाही. अर्धा-एक एकर नव्या वाणाला द्या, हक्क आणि परवान्याची अट नीट वाचून घ्या, दोन काढण्या बघा, मग ठरवा. हे करायला पैसा आणि धीर लागतो, आणि दोन्ही चांगल्या सालातच हाताशी असतात.

पैसा आणि व्यवहार

थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर छाटणीपर्यंतचा आणि तिथून पहिल्या काढणीपर्यंतचा खर्च आधी बाजूला काढा, मग ट्रॅक्टर आणि बंगला. कर्ज काढून दुप्पट क्षेत्र वाढवायचं असेल तर मजुरांच्या टोळ्या तेवढ्याच आहेत हे लक्षात घ्या. विरळणी आठ दिवस लांबली तर वाढलेल्या क्षेत्राबरोबर जुन्या बागेचीही प्रत जाते. मागच्या वर्षी चोख पैसे दिलेल्या व्यापाऱ्याला यंदा शब्दावर माल देऊ नका. सौदापावती, आगाऊ रक्कम आणि प्रत्येक गाडीमागे वसुली हे ओळखीच्या माणसाशीही ठेवा. शेतकऱ्यांचे बुडालेले पैसे पुष्कळदा आधी विश्वास कमावलेल्या व्यापाऱ्याकडेच बुडालेले असतात.

आता काय तपासाल?

फळ छाटणीआधी काड्यांचे नमुने घेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. सबकेनच्या गाठीजवळ घड असेल तर तिथे छाटा, घड वर सरकला असेल तर एक-दोन डोळे जास्त ठेवा. नमुने प्लॉटनिहाय वेगळे पाठवा. गेल्या वर्षी ज्या प्लॉटने सगळ्यांत जास्त माल दिला, त्याचे नमुने आधी काढा.