डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट: आधी पेशंटला वाचता येऊ द्या

ही वेबसाइट उघडणाऱ्याला बरेचदा नीट दिसतच नसतं. मोतीबिंदूत फिकट रंगांतला फरक कळेनासा होतो, आणि डिझायनरला नेमकी पांढऱ्यावर राखाडी अक्षरंच आवडतात! मजकूर किमान १८ पिक्सेल ठेवा. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान ४.५:१ हवा, ७:१ असेल तर उत्तम. फोटोवर मजकूर नको. बोटांनी झूम करणं अडवणारी कोडची ओळ वेबसाइटच्या काही तयार थीममध्ये (आयत्या साच्यांत) असते, ती काढायला सांगा.

फोन नंबर चित्रात टाकला की दाबून कॉल लागत नाही. मोबाइलवर तळाशी कायम दिसणारं ‘फोन करा’ बटण द्या.

पत्त्यात नुसतं ‘धंतोली, नागपूर’ लिहून भागत नाही. जवळची खूण, मजला, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची, सगळं लिहा.

अपॉइंटमेंटच्या पानावर आणि मेसेजमध्येही हे हवंच: ‘बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं. स्वतः गाडी चालवू नका, सोबत कुणी आणा, गॉगल आणा, जुना चष्माही आणा.’ मे महिन्यातल्या दुपारी थेंब टाकून गॉगलशिवाय बाहेर पडणारा पेशंट पायरीवरच थबकतो.

तातडीची सूचना सरकत्या बॅनरमध्ये टाकू नका; वाचून होण्याआधीच पुढे सरकते. ती पहिल्या पानावर वरच लिहा: ‘डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलं? लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, मग निघा.’ खर्ऱ्याच्या (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेल्या मिश्रणाच्या) गावात चुन्याचा उल्लेख आवर्जून हवा.