परदेशात राहून रिमोट काम करायचा व्हिसा काढताय? खान्देशातल्या पोरापोरींनो, या चुका टाळा

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणजे तिकडे जाऊन नोकरी शोधायचा व्हिसा नाही. तुमचं काम आधीपासून चालू आहे, पगार किंवा क्लायंटचा पैसा त्या देशाच्या बाहेरून येतोय, आणि तुम्ही फक्त लॅपटॉप घेऊन तिकडे राहायला जाताय, एवढंच त्यात आहे. त्यामुळे जळगाव-धुळ्यात कोणी एजंट म्हणाला ना, की नोमॅड व्हिसा काढून देतो, तिकडे गेल्यावर हॉटेलात नाहीतर गोडाऊनला काम लावून देतो, तर तिथूनच उठा. स्पेनमध्ये तर फ्रीलान्सरला स्पॅनिश कंपन्यांचं काम एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच करता येतं, मग हॉटेलातली नोकरी कुठून आली? यात लोकांचे लाखो रुपये जातात आणि ते बहुतेक वेळा घरच्यांनी उसनवारी करून उभे केलेले असतात, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

आता मुद्द्याची चूक. आपल्याकडे फाइल म्हटलं की बँकेच्या कर्जाचीच फाइल डोळ्यासमोर येते. सातबारा, आठ-अ, घराचं व्हॅल्युएशन, वडिलांची एफडी, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, सगळं लावायचं आणि फाइल जाड करायची. रिमोट व्हिसावाल्याला तुमच्याकडे किती आहे यापेक्षा दर महिन्याला किती येतं, कुठून येतं आणि तुमच्याच नावावर येतं का, हे बघायचं असतं. पोर्तुगालचा डी-८ व्हिसा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न लागतं. स्पेनला किमान वेतनाच्या दुप्पट लागतं. हे किमान वेतन बहुतेक दरवर्षी वाढतं, म्हणून मागच्या वर्षीच्या व्हिडिओतला आकडा धरून अर्ज करू नका, अर्जाच्या महिन्यात चालू असलेला आकडा वकिलातीच्या साइटवर बघा. थायलंडचा डीटीव्ही व्हिसा जुलै २०२४ पासून आहे, तो जरा वेगळा, तिथे खात्यात ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते, पण रिमोट कामाचा पुरावा तिथेही द्यावाच लागतो, नुसत्या शिल्लकीवर भागत नाही.

शिल्लक दाखवायच्या नादात काय होतं ते रावेर-यावलच्या पट्ट्यात बघायला मिळतं. पोरगं पुण्यातल्या नाहीतर बाहेरच्या कंपनीसाठी घरून काम करतं, महिन्याला व्यवस्थित पैसे येतात, आणि अर्जाच्या तोंडावर वडील केळीच्या बागेचे आलेले सात-आठ लाख त्याच्याच खात्यात टाकून देतात, म्हणजे खातं भरलेलं दिसेल. प्रेमापोटीच करतात. पण स्टेटमेंट उघडलं की तपासणाऱ्याला आधी तीच एन्ट्री दिसते, आणि मग हा पैसा कोणाचा, उसना आणलाय का, असे प्रश्न सुरू होतात. शेतीचं उत्पन्न खरं असलं तरी ते रिमोट कामाचं उत्पन्न नाही, ते धरतच नाहीत. त्यामुळे कामाच्या पैशाचं खातं वेगळंच ठेवा, अर्जाच्या निदान सहा महिने आधीपासून, आणि त्यात घरचे व्यवहार आणू नका. एन्ट्री ऑलरेडी पडलेली असेल तर लपवायचं काही कारण नाही, व्यापाऱ्याची पावती आणि एक पानाचा साधा खुलासा इंग्रजीत जोडा.

फ्रीलान्सर लोकांनी पर्पज कोड बघाच. बाहेरून पैसा आला की बँक किंवा पेमेंट कंपनी एक कोड टाकते, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला पी०८०२ असतो. बऱ्याच जणांकडून घाईत पी१३०१ निवडला जातो, तो आहे परदेशातल्या भारतीयाने घरखर्चाला पाठवलेल्या पैशाचा कोड! म्हणजे तुम्ही रात्र-रात्र जागून केलेलं काम कागदावर काकांनी पाठवलेला घरखर्च होऊन बसतं. बँकेकडे लेखी देऊन दुरुस्ती मागा आणि प्रत्येक रकमेचं रेमिटन्स सर्टिफिकेट (बाहेरून पैसा आल्याचा बँकेचा दाखला) काढून इनव्हॉइसला लावून ठेवा.

इन्कम टॅक्स रिटर्नचंही तसंच. सीए गृहीत उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरतो, जुन्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ४४एडीए, त्यात आलेल्या एकूण पैशाच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. कायदेशीरच आहे ते. पण बँकेत २४ लाख आलेले आणि रिटर्नमध्ये १२ लाख, हे परदेशातल्या माणसाला जुळत नाही, त्याला ही योजना माहीत नसते. सीएकडून लेटरहेडवर लिहून घ्या की एकूण आलेली रक्कम एवढी, या तरतुदीखाली करपात्र दाखवलेली एवढी. त्या एका कागदाने पुढचा खूप पत्रव्यवहार वाचतो.

नोकरीवाल्यांचं घोडं एचआरच्या पत्रापाशी अडतं. नेहमीचं एम्प्लॉयमेंट सर्टिफिकेट चालत नाही, कारण त्यात तुम्ही कंपनीत आहात एवढंच असतं. पत्रात पद, पगार, कधीपासून आहात, आणि अमुक देशातून रिमोट काम करायला कंपनीची परवानगी आहे हे वाक्य देशाच्या नावासकट पाहिजे. वर्क फ्रॉम होमची परवानगी म्हणजे चोपड्याच्या घरून काम करायची परवानगी, पोर्तुगालमधल्या लिस्बनची नाही. स्पेनसाठी कंपनी निदान एक वर्ष चालू असलेली आणि तुमचं तिच्याशी निदान तीन महिन्यांचं नातं लागतं, म्हणून नवीन जॉब धरल्या-धरल्या फाइल टाकू नका. सोशल सिक्युरिटीचा कागदही मागतात. भारताचा ज्या देशांशी तसा करार आहे, उदाहरणार्थ पोर्तुगाल, त्यांच्यासाठी ईपीएफओ (आपलं पीएफचं ऑफिस) सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज देतं, म्हणजे तुमचं पीएफ इथेच भरलं जातंय असा दाखला, ते कंपनीच्या मदतीने काढावं लागतं, आणि कंपनीला हा प्रकारच माहीत नसेल तर समजावण्यातच महिना जातो, तेव्हा हे काम सुरुवातीलाच लावून द्या.

आता नाव आणि डिग्री, इथे आपल्या भागातल्यांची जास्त पंचाईत होते. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर, आणि क्लायंटच्या कॉन्ट्रॅक्टवर तेही नाही. आपल्याला हे चारही एकच माणूस वाटतात, तिकडच्याला वाटतीलच असं नाही. बँकेचं केवायसी आणि कॉन्ट्रॅक्ट पासपोर्टप्रमाणे करून घ्या, जिथे बदल होतच नाही तिथेच प्रतिज्ञापत्र लावा. लग्न झालेल्या ताईंच्या डिग्रीवर माहेरचं नाव असतं, त्यांनी मॅरेज सर्टिफिकेटही डिग्रीसोबतच अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी स्टिकर) करून घ्यावं, नाहीतर नंतर तेवढ्यासाठी सगळी फाइल थांबते. आणि विद्यापीठ! उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, आपल्या सगळ्यांना अभिमानच आहे, पण २०१६ ला ॲडमिशन घेतलेल्याच्या पहिल्या वर्षाच्या मार्कशीटवर जुनं नाव आणि डिग्रीवर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, मग दोन वेगळी विद्यापीठं दिसतात. नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची कॉपी इंग्रजी भाषांतरासह जोडून टाका. डिग्रीच नाही म्हणून कोणी निराश होऊ नका, स्पेनला डिग्रीऐवजी त्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव चालतो, फक्त तो पत्रांनी सिद्ध करावा लागतो.

कागदांचा क्रम चुकला की पैसे दोनदा जातात. डिग्रीची आधी राज्य सरकारकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, ते थेट आपल्याला नेऊन देता येत नाही, मान्यताप्राप्त एजन्सीमार्फतच जातं, आणि भाषांतर सगळ्यात शेवटी, कारण स्टिकरवरच्या मजकुराचंही भाषांतर लागतं. स्पेनसाठी ते तिथल्या सरकारमान्य शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करायचं. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी) पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढा, एसपी ऑफिसचं चारित्र्य पडताळणीचं सर्टिफिकेट वेगळं आणि ते इथे चालत नाही. पीसीसी लवकर जुनी होते म्हणून डिग्रीचं काम आटोपल्यावर काढा. इन्शुरन्स टुरिस्टवाला घेऊ नका, ३०,००० युरोचं ते कव्हर शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांतल्या थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी असतं, स्पेनला तिथे मान्यता असलेल्या कंपनीची पूर्ण हेल्थ पॉलिसी लागते.

एक गोष्ट व्हिसाची नाही पण जायच्या आधी घरात बोलून घ्याच. परदेशात राहायला गेल्यावर फेमा (परकीय चलनाच्या) कायद्याखाली तुम्ही अनिवासी ठरलात तर सेव्हिंग खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित असलेली राहते, पण शेजारचा दोन एकरचा तुकडा तुमच्या नावावर घ्यायचं ठरत असेल तर आधी जाणकाराला विचारा.

फाइल नाकारली गेली की घरी पहिला प्रश्न येतो, आते काय करानं भो? लगेच दुसऱ्या देशाला तीच फाइल टाकू नका. नकाराच्या पत्रात कारण असतं, ते शब्द न शब्द वाचा. उत्पन्नाचं कारण असेल तर खात्यात अजून काही महिने नीट जाऊ द्या, कागदाचं असेल आणि कागद तुमच्याकडे असेल तर फेरविचार मागा, स्पेनला त्यासाठी पत्र मिळाल्यापासून एक महिना मिळतो. पुढच्या बऱ्याच फॉर्मवर विचारतात की आधी कुठे व्हिसा नाकारलाय का, तिथे खरं तेच लिहा, नकाराचं पत्र जोडा आणि त्यानंतर काय दुरुस्त केलं ते खाली दोन ओळीत सांगा.