टिश्यूमधलं मानवी आयजीजी शोधताना या चुका टाळा

आयजीजी (इम्युनोग्लोब्युलिन जी) म्हणजे माणसाच्या रक्तातलीच एक अँटीबॉडी. ते शोधायला टिश्यूच्या पातळ कापावर, म्हणजे सेक्शनवर, त्याला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी टाकतात. सेक्शन सगळीकडे सारखाच चमकू लागला की पहिला संशय या टाकलेल्या अँटीबॉडीवर जातो. लॉट खराब आला असेल, कंपनी बदलून पाहू, अशी चर्चा सुरू होते. पण बहुतेक वेळा अँटीबॉडी आपलं काम चोख करत असते. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तद्रवात लिटरमागे साधारण ७ ते १६ ग्रॅम आयजीजी असतं आणि बायोप्सीच्या तुकड्यात तो रक्तद्रव मुरलेला असतोच. आपण जे शोधतोय, तेच सगळीकडे पसरलेलं असतं.

म्हणून सगळ्यात महागात पडते ती धुण्यातली घाई. मिशेल्स मीडियममधून (बायोप्सी प्रयोगशाळेत पाठवायच्या द्रावणातून) आलेला तुकडा बफर दोन-तीनदा बदलून नीट धुवा आणि मगच गोठवा. क्रायोस्टॅटवर (गोठलेलं टिश्यू कापायच्या यंत्रावर) कापलेले सेक्शनही अँटीबॉडी टाकण्याआधी पुन्हा धुवा. इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा (चमकणाऱ्या अँटीबॉडीने तपासायचा) तुकडा चुकूनही फॉर्मेलिनमध्ये जाऊ देऊ नका. गेलाच आणि दुसरा तुकडा उरला नसेल, तर पॅराफिन (मेणात बसवून कापलेल्या) सेक्शनवर प्रोटीएझ या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची प्रक्रिया करून थोडंफार वाचवता येतं. मात्र तिथे रंग आला नाही म्हणून आयजीजी नाहीच, असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी चूक खरेदीच्या वेळीच होते. लेबलवर 'एच प्लस एल' (जड आणि हलकी साखळी) असेल, तर ती अँटीबॉडी हलक्या साखळ्यांनाही चिकटते. कॅपा आणि लॅम्डा या हलक्या साखळ्या आयजीए, आयजीएम या इतर प्रकारच्या अँटीबॉडींमध्येही असतात. फक्त आयजीजी हवं असेल तर गॅमा साखळीपुरती (आयजीजीच्या जड साखळीपुरती) मर्यादित अँटीबॉडी घ्या.

ब्लॉकिंगसाठी, म्हणजे अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी टाकायला, मानवी सीरम वापरू नका. अँटीबॉडी त्यातच अडकते. अँटीबॉडी शेळीत बनवलेली असेल तर शेळीचं सीरम घ्या. पेरॉक्सिडेझ पद्धतीत (अँटीबॉडीला जोडलेल्या एन्झाइमने रंग आणायच्या पद्धतीत) बफरमध्ये सोडियम अझाइड नको, त्याने एन्झाइमच बंद पडतं. आणि प्रत्येक नव्या लॉटचं डायल्यूशन पुन्हा ठरवा, जुन्या वहीतला आकडा तसाच उचलू नका.

प्रायमरी (आधी टाकायची, लक्ष्याला चिकटणारी) अँटीबॉडीच मानवी असेल, तर मानवी टिश्यूवर अँटी-ह्युमन सेकंडरी (प्रायमरीला चिकटून ती दाखवणारी अँटीबॉडी) टाकण्यात अर्थ नाही. ती टिश्यूतलं मूळचं आयजीजीही उजळवते. अशा वेळी प्रायमरीलाच बायोटिन किंवा फ्लुरोफोर (चमकणारा रंग) जोडून घ्या.

कंट्रोलबाबत तडजोड नको. पॉझिटिव्ह म्हणून टॉन्सिल उत्तम, त्यातल्या प्लाझ्मा पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) ठळक दिसतात. निगेटिव्हला त्याच प्राण्याचं, तेच लेबल लावलेलं साधं आयजीजी घ्या. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत शेजारच्या सेक्शनवर अल्ब्युमिन हे रक्तद्रवातलं प्रथिनही रंगवा. मधुमेही रुग्णांत ग्लोमेरुलसच्या (मूत्रपिंडातल्या गाळणीच्या) बेसमेंट मेम्ब्रेनवर आयजीजीची सलग रेघ दिसू शकते आणि ती अँटी-जीबीएम आजारासारखी (ज्यात शरीराच्याच अँटीबॉडी या मेम्ब्रेनवर हल्ला करतात) भासते. अल्ब्युमिनची रेघही तितकीच ठळक असेल, तर ते आयजीजी बहुधा नुसतंच अडकलेलं असतं.