ब्राउझर टाकताना अँटीव्हायरसनं अडवलं तर आधी काय बघायचं

क्रोम किंवा फायरफॉक्स टाकायला घेतला आणि मध्येच अँटीव्हायरसनं लाल वॉर्निंग दाखवून फाईल उडवली, की आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही विचारा, एकच सल्ला मिळतो, 'पाच मिनिटं अँटीव्हायरस बंद करा की, काय होत नाही'. असं अजिबात करू नका. वॉर्निंग खरी की खोटी हे बघायला फार वेळ लागत नाही, फक्त क्रमानं बघायला पाहिजे.

पहिलं म्हणजे वॉर्निंग नेमकी कुणी दिलीय ते बघा, कारण सगळ्या वॉर्निंगा सारख्याच दिसतात खरं सारख्या नसतात. इंटरनेटवर काहीतरी बघताना त्या पेजच्या आतच 'तुमचा क्रोम जुना झालाय, अपडेट करा' असं आलं किंवा 'कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं तर तो अँटीव्हायरस नाहीच, ती फसवणूक आहे. खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ते पेज स्क्रीन भरून बसलं असेल तर एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ४ दाबा, तरी गेलं नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा, आणि आतलं काहीही क्लिक करू नका.

ब्राउझरचं खरं अपडेट ब्राउझरच्या आतूनच होतं. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, हेल्प, मग अबाउट गुगल क्रोम. फायरफॉक्समध्ये तीन रेघा, हेल्प, अबाउट फायरफॉक्स. तिथं गेलं की तो स्वतःच शोधतो आणि अपडेट करतो, वेगळी फाईल डाऊनलोड करायला सांगणारं जे काही असेल त्याच्यावर संशय घ्या.

निळ्या मोठ्या खिडकीत 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' असं आलं तर ते विंडोजचं स्मार्टस्क्रीन. ते व्हायरस सापडला असं म्हणत नाही, ही फाईल मला ओळखीची नाही एवढंच म्हणतं. आता इथं डोकं लावा. क्रोम, फायरफॉक्स कोट्यवधी लोक वापरतात, त्यांच्या फाईलवर कंपनीची डिजिटल सही असते, म्हणजे फाईल त्याच कंपनीची आहे आणि मध्ये कुणी बदललेली नाही याचा पुरावा, त्यामुळं खऱ्या फाईलला हे निळं सहसा येतच नाही. म्हणजे क्रोमच्या सेटअपला 'अननोन पब्लिशर' आलं तर 'मोअर इन्फो' दाबून 'रन एनीवे' करायची घाई करू नका, आधी सही तपासा.

सही कशी बघायची? फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, वर डिजिटल सिग्नेचर्स नावाचा टॅब. क्रोम असेल तर तिथं गुगल एलएलसी दिसलं पाहिजे, फायरफॉक्सला मोझिला कॉर्पोरेशन. नाव दिसलं म्हणून थांबू नका, त्या नावावर क्लिक करून डिटेल्स उघडा, तिथं सही ओके आहे असं लिहिलेलं पाहिजे. टॅबच नसेल तर विषय संपला, फाईल डिलीट.

शहापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात हेच बघायला मिळालं. जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतंय म्हणून तिथं अजून विंडोज ७ ठेवलंय, आणि 'विंडोज ७ साठी लेटेस्ट क्रोम' असं सर्च करून फाईल घेतलेली. आयकॉन हुबेहूब क्रोमचा, नावही क्रोमसेटअप, खरं परवानगी विचारणारी खिडकी पिवळी आणि पब्लिशर अननोन, आणि प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅबच नाही. अँटीव्हायरस बरोबर ओरडत होता आणि दुकानातला पोरगा तो बंद करायच्या तयारीत होता! विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९, त्याच्या पुढचा क्रोम २०२३ पासून विंडोज १० च्या खाली चालतच नाही. त्यामुळं 'विंडोज ७ चा नवा क्रोम' म्हणून कोण देत असेल तर ते खोटं. असल्या मशीनला फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती चालते, तीपण मोझिलाच्या साईटवरूनच घ्या, आणि जमलं तर त्या मशीनवरून बँकेचं काम करूच नका.

फाईल कुठून आली ते पण महत्त्वाचं आहे. सर्च केल्यावर वरती जाहिराती येतात त्यावर क्लिक करू नका, गुगल डॉट कॉम स्लॅश क्रोम किंवा फायरफॉक्स डॉट कॉम असा पत्ता हातानं टाईप करा. फ्री सॉफ्टवेअर देणाऱ्या बाकीच्या साईटी ब्राउझरच्या बरोबर भलतंच काहीतरी चिकटवून देतात, आणि मग अँटीव्हायरसच्या वॉर्निंगमध्ये पीयूए किंवा पीयूपी अशी अक्षरं येतात, म्हणजे नको असलेला प्रोग्रॅम. तसं दिसलं तर ती फाईल डिलीट करा आणि मूळ साईटवरून नवीन घ्या.

आता समजा पत्ता बरोबर, सही बरोबर, तरी अडवतोय. तेव्हा मात्र अँटीव्हायरस चुकत असू शकतो. ब्राउझरची सेटअप फाईल लहान असते आणि ती चालू केल्यावर बाकीचं सगळं नेटवरून ओढून घेते, व्हायरस पण असंच वागतात, म्हणून नुसत्या वागण्यावरून अंदाज करणारा अँटीव्हायरस गडबडतो. वॉर्निंगच्या नावात 'जेन', 'ह्युर' किंवा शेवटी 'एमएल' असेल तर तो बऱ्याचदा असला अंदाजच असतो, खरं अंदाज बरोबरही निघतो, म्हणून तेवढ्यावर सोडू नका. आधी अँटीव्हायरस स्वतः अपडेट करा आणि परत स्कॅन करा, पुष्कळ वेळा इथंच मिटतं. नाही मिटलं तर व्हायरसटोटल साईटवर ती फाईल टाका, ती ७० च्या आसपास अँटीव्हायरसकडून तपासून देते. एखादाच लाल दाखवत असेल आणि सही बरोबर असेल तर चुकीचा इशारा समजा, पंधरा-वीस लाल असतील तर डिलीट. आणि त्या साईटवर टाकलेलं दुसऱ्यांना बघायला मिळू शकतं, म्हणून तिथं आधार कार्ड, जमिनीचा उतारा असलं काही चढवू नका.

सगळं तपासून खात्री झाली की अँटीव्हायरसच्या क्वारंटाईनमधून, म्हणजे अडवलेल्या फाईली तो बाजूला कोंडून ठेवतो तिथून, तेवढी एकच फाईल परत आणा. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटीत प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये ती सापडते. अख्खं डाऊनलोड्स फोल्डर नाहीतर सी ड्राईव्ह 'एक्सक्लूजन'मध्ये, म्हणजे तपासायचं नाही अशा यादीत, टाकणारे लोक आहेत, ते म्हणजे एका पाहुण्यासाठी घराचं दार कायमचं उघडं ठेवल्यासारखं आहे.

अजून दोन-तीन गोष्टी उगाच त्रास देतात. डाऊनलोड चालू असताना लाईट गेली, नेट तुटलं आणि फाईल अर्धीच आली तर तिची सही जुळत नाही, अशा वेळी परत डाऊनलोड करा किंवा पूर्ण ऑफलाईन इन्स्टॉलर घ्या. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डचा सेल संपलेला असतो आणि तारीख दहा वर्षं मागं जाते, मग प्रत्येक साईट सर्टिफिकेटची वॉर्निंग देते, तारीख नीट करा आणि सेल बदला, बहुतेक मशीनला सीआर२०३२ लागतो. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक काढाच.

आणि ती खोटी फाईल आधीच चालवून झाली असेल तर पहिल्यांदा नेट बंद करा. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये ऑफलाईन स्कॅन आहे तो लावा, मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी होते. मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून बदला, त्याच मशीनवर बसून नाही, कारण ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारेच असले प्रोग्रॅम जास्त असतात. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन लावा, उद्या सकाळी बघू असं म्हणू नका, जितक्या लवकर कळवाल तितकं पैसे पुढं जायच्या आधी अडवायला जमतं.