मिशनला मदत करायचीय? आधी कमिटी बनवा

आमच्या ठाण्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जव्हारकडे सुवार्तेचं काम करणाऱ्या एका सेवकासाठी दर महिन्याला पैसे जमायचे, पाकिटं एका काकांच्या कपाटात आणि हिशोब त्यांच्या निळ्या वहीत. काकांची बायपास झाली आणि तीन महिने तिकडे एक रुपया गेला नाही, कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो, पण सेवकाच्या घरचा किराणा उधारीवर चालला. फार लागलं ते मनाला.

म्हणून पहिलं काम, पाच-सहा जणांची मिशन कमिटी नेमा, त्यात बायका आणि तरुण हवेतच. बँक खातं मंडळीच्या नावावर, दोघांच्या सहीने चालणारं. रजिस्ट्रेशन नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली करून घ्या, आणि परदेशातून पैसा येणार असेल तर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, परवानगीशिवाय हातच लावू नका. मग कोणाला, किती, किती वर्षं हे मीटिंगमध्ये ठरवून मिनिट्समध्ये लिहा.

काही जण म्हणतात एवढी कागदपत्रं कशाला, विश्वास पुरे. अहो, १७९२ ला इंग्लंडात केटरिंगला आधी बॅप्टिस्टांची मिशनरी सोसायटी निघाली, अँड्र्यू फुलर सेक्रेटरी झाले, मग १७९३ ला तिचे मिशनरी विल्यम कॅरी बंगालला आले, आणि फुलर १८१५ ला वारेपर्यंत मंडळ्यामंडळ्यांत फिरून पैसा उभा करत राहिले!

आणि हो, महिन्यातून एकदा सेवकाला फोन करायची जबाबदारी एकाच्या नावावर टाका, नुसते पैशाचे नाही, मुलांच्या शाळेचंही विचारायचं.